सायमाकाठी निवांत आठवडा: फिनलंडच्या तलावांच्या प्रदेशात सुट्टी कशी आखावी

फिनलंडच्या नकाशाचा आग्नेय भाग जरा मोठा करून पाहा. जमिनीत पाणी आहे की पाण्यात जमीन, हे पटकन ठरवता येत नाही. या देशात 1,87,888 तळी मोजली गेली आहेत, आणि त्यात 500 चौरस मीटरपेक्षा लहान डबकी धरलेलीच नाहीत. सगळ्यांत मोठं सायमा, सुमारे 4,400 चौरस किलोमीटरचं. पण आपल्या कामाचा आकडा वेगळाच आहे. खाड्या, सामुद्रधुन्यांसारख्या चिंचोळ्या वाटा आणि हजारो बेटं धरून या एका सरोवराचा काठ जवळपास 14,000 किलोमीटर भरतो. त्यामुळे इथे साध्या मध्यमवर्गीय पाहुण्यालाही आठवडाभरासाठी स्वतःचा असा काठ मिळतो.

म्हणून पहिलीच सूचना: 'सात दिवसांत पाच शहरं' हा बेत फाडून टाका. हा प्रदेश पॉइंट बघत फिरण्याचा नाही. एक जागा निवडायची, तिथे सामान टाकायचं आणि फार तर दोन-तीनदा गाडी काढायची. आखणीत डोकं लावायचंच असेल तर ते महिना निवडताना, घर निवडताना आणि पहिल्या दिवशीच्या बाजारहाटात लावा. बाकीचं आपोआप जमतं.

महिना आधी ठरवा

फिनलंडमधल्या शाळांची सुट्टी साधारण जूनच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत असते. याच काळात फिनिश माणसं तळ्याकाठी जातात, दर वाढतात आणि चांगली घरं आधीच गेलेली असतात. जुलैत पाणी सर्वांत उबदार, म्हणजे साधारण 20 अंशांच्या आसपास. सायमाकाठच्या सावोन्लिन्ना गावाचा ऑपेरा महोत्सवही याच महिन्यात असतो. त्याची तिकिटं काढली नसतील तर त्या काळात गावात मुक्काम करू नका, हॉटेलांचे दर पाहून डोळे पांढरे होतील.

जूनच्या उत्तरार्धात युहान्नुस येतो, म्हणजे मध्य-उन्हाळ्याचा सण. तो 20 ते 26 जूनमधल्या शनिवारी असतो आणि खरी धामधूम आदल्या शुक्रवारी संध्याकाळी. काठाकाठावर मोठाल्या होळ्या पेटतात, दृश्य सुंदर असतं. पण शहरं ओस पडतात, बसगाड्या विरळ होतात, बरीचशी दुकानंही बंद असतात. त्या शनिवारी पोहोचून 'आता वाणसामान घेऊ' म्हणाल तर पंचाईत होईल. तेव्हाच जायचं असेल तर गुरुवारपर्यंत घर गाठा आणि फ्रिज भरून ठेवा.

मला विचाराल तर ऑगस्टचा दुसरा पंधरवडा. शाळा सुरू झालेल्या असतात, काठ रिकामे होतात, घरांचे दर उतरतात. डास बरेच कमी झालेले असतात. जंगलात निळ्या बेरी अजून असतात, लाल लिंगोनबेरी पिकायला लागलेली असते. पाण्यात जुलैची ऊब अजून थोडी शिल्लक असते. आणखी एक फायदा सहसा कुणी सांगत नाही: रात्र परत आलेली असते. जूनअखेर सावोन्लिन्नाला दिवस एकोणीस तासांहून मोठा असतो, आणि उरलेल्या वेळातही पुरता अंधार होत नाही. पहिल्यांदा याची गंमत वाटते, चौथ्या दिवशी झोपेचं खोबरं होतं. जूनमध्ये जाणार असाल तर डोळ्यांवर बांधायची पट्टी बॅगेत सर्वांत वर ठेवा.

सप्टेंबरात पानांचे रंग बदलतात आणि हवा कुडकुडायला लावते. पोहायचं नसेल, नुसतं शेकोटीसमोर वाचत बसायचं असेल तर तोही महिना चांगलाच.

कुठल्या बाजूला जायचं

लाप्पेन्रांता सायमाच्या दक्षिण टोकाला आहे. हेलसिंकीहून रेल्वेने साधारण दोन तासांत पोहोचता, म्हणून हाताशी वेळ कमी असेल तर हीच बाजू बरी. मिक्केली पश्चिमेला, तेही रेल्वेवर. कुओपिओ उत्तरेकडे कल्लावेसी तळ्यावर वसलेलं, चार तासांपेक्षा थोडा जास्त प्रवास. पण पहिल्यांदा जाणाऱ्याने मधलं सावोन्लिन्ना आणि आसपासची गावं धरावीत असं माझं मत आहे. पाणी आणि बेटांची सर्वांत गुंतागुंतीची नक्षी इथेच आहे. 1475 मध्ये बांधायला घेतलेला ओलाविन्लिन्ना किल्ला इथे भर पाण्यात उभा आहे, आणि दोन राष्ट्रीय उद्यानं हाकेच्या अंतरावर आहेत. रेल्वेने यायचं तर पारिक्काला इथे गाडी बदलावी लागते. हेलसिंकीहून मोटारीने चार तास पुरतात.

पश्चिमेकडच्या पाइयान्ने तळ्याचाही पर्याय आहे. ते लांबट, खोल आणि नितळ आहे. हेलसिंकीच्या नळाला येणारं पाणी याच तळ्यातून 120 किलोमीटर लांबीच्या, खडकात खोदलेल्या बोगद्यातून जातं. तेव्हा फिनलंडमध्ये पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या विकत घेण्याचा विचार सोडून द्या.

सायमाच्या पूर्वेला रशियाची सरहद्द लागून आहे. सरहद्दीलगतच्या पट्ट्यात परवान्याशिवाय जाता येत नाही. पिवळ्या पाट्या दिसल्या की मागे फिरा, फोटोच्या नादात पुढे जाऊ नका.

घर निवडणं, म्हणजे अर्धी सुट्टी

फिनलंडमध्ये पाच लाखांच्या घरात म्योक्की आहेत. म्योक्की म्हणजे तळ्याकाठचं लाकडी सुट्टीघर. कुणाचं आजोबांच्या वेळचं, एका खोलीचं. कुणाचं डिशवॉशर आणि तीन झोपायच्या खोल्या असलेलं. भाड्याने देणाऱ्या संकेतस्थळांवर ती हजारोंनी दिसतात. उन्हाळ्यात घर बहुधा शनिवार ते शनिवार अशा पूर्ण आठवड्यासाठीच मिळतं, म्हणून विमानाची तिकिटं आधी काढून बसू नका. घर नक्की करा, मग तिकिटं.

जाहिरातीतले फोटो सगळे सारखेच सुंदर असतात. त्यांच्याखालच्या बारीक ओळी वाचायच्या. 'ओमा रांता' लिहिलं असेल तर काठ तुमचा एकट्याचा. ते नसेल तर काठ शेजाऱ्यांबरोबर वाटून घ्यावा लागेल किंवा चालत जावं लागेल. 'कांतोवेसी' म्हणजे नळ नाही, पाणी बादलीने आणायचं. 'हूस्सी' म्हणजे अंगणातला कोरडा संडास: पाणी नाही, लाकडाचा भुसा टाकायचा. मजा म्हणून दोन दिवस ठीक, पण घरात म्हातारी माणसं असतील तर रात्री दोन वाजता अंगण ओलांडायला लावू नका. वीज आहे असं लिहिलेलं असलं तरी गरम पाण्याची सोय आहे का, हे वेगळं विचारा.

मग मालकाला चार प्रश्न पाठवा. काठाशी तळ वाळूचा आहे की दगडगोट्यांचा, आणि किती पावलांवर खोल होतो? मुलं बरोबर असतील तर या उत्तरावरच निर्णय घ्या. शेजारचं घर किती मीटरवर आहे? जवळचं किराणा दुकान किती किलोमीटरवर? आणि धक्का कुठल्या दिशेला तोंड करून आहे? हा शेवटचा प्रश्न वाचून हसू येईल, पण उत्तरेकडच्या उन्हाळ्यात संध्याकाळचं ऊन रात्री दहा वाजेपर्यंत रेंगाळतं. पश्चिमेचा किंवा वायव्येचा काठ असेल तर जेवणानंतरचे तीन तास सोनेरी उजेडात जातात. पूर्वेचा काठ मात्र सहा-सातलाच झाडांच्या सावलीत जातो, गारठतो, आणि सावलीबरोबर डास येतात.

डासांवरून आठवलं. दाट झाडीतल्या लहानशा, साचलेल्या तळ्याकाठचं घर फोटोत फार गूढरम्य दिसतं. ते सोडा. मोठ्या पाण्यात घुसलेल्या टोकावरचं, वारा लागणारं घर घ्या. डासांवर वाऱ्याइतकं चांगलं औषध नाही. तरीही मलम आणि लांब बाह्यांचे फिकट कपडे न्याच. उंच गवतात गोचिड्याही असतात. त्या मेंदुज्वर आणि लाइम आजार पसरवतात, म्हणून संध्याकाळी अंघोळीच्या वेळी मुलांचे गुडघ्यामागचे भाग, काखा आणि केसांची कड पाहून घ्या.

भाड्यात वल्ह्यांची होडी, सौना (वाफ घेत बसायची तापवलेली लाकडी खोली) आणि जळण बहुतेक वेळा धरलेलं असतं. चादरी, टॉवेल आणि शेवटची साफसफाई मात्र बहुधा नाही. त्यांचे वेगळे पैसे पडतात, नाहीतर स्वतः न्या आणि स्वतः झाडा. साधं घर आठवड्याला काही शे युरोंत मिळतं. माणसं चार-सहा असतील तर हॉटेलपेक्षा खूप स्वस्त पडतं.

व्हिसा, गाडी आणि बाकी कागद

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. प्रौढांसाठी शुल्क 90 युरो, 6 ते 12 वर्षांच्या मुलांसाठी 45 युरो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा हवा. मुक्कामाचा पुरावा म्हणून घराच्या आरक्षणाची पावती चालते, पण तिच्यावर पूर्ण पत्ता, तारखा आणि तुमचं नाव असायला हवं. मालकाने नुसता 'ठीक आहे, या' असा निरोप पाठवला असेल तर त्याच्याकडून रीतसर पावती मागून घ्या.

गाडीशिवाय म्योक्की जमत नाही, निदान पहिल्या खेपेला तरी. बस शेवटचे आठ किलोमीटर तुम्हाला सोडणार नाही. गाडी नकोच असेल तर सावोन्लिन्ना किंवा कुओपिओ गावातच काठावर राहा आणि बोटींनी फिरा. उन्हाळ्यात या दोन गावांदरम्यान दिवसभराचा बोटीचा प्रवासही करता येतो. सुट्टीतला एक अख्खा दिवस डेकवर बसून घालवण्याची ज्यांची तयारी आहे, त्यांना तो फार आवडतो.

गाडी घेतलीत तर उजव्या बाजूने चालवायचं आणि दिवसाही दिवे लावायचे. पहाटे आणि तिन्हीसांजेला वेग कमी ठेवा, कारण रस्त्यावर एल्क येतो. तो उंच, शे-दोनशे किलोंच्या पुढचा प्राणी आहे आणि धडक बसली तर थेट काचेवर येतो. रस्ता मध्येच पाण्यात संपलेला दिसला तर गांगरू नका. पिवळी लॉस्सी येईल, तिच्यावर गाडी चढवायची. ही तराफ्यासारखी फेरी रस्त्याचाच भाग मानली जाते, पैसे लागत नाहीत.

पहिल्या दिवशीचा बाजार

घराची किल्ली घेण्याआधी गावातल्या मोठ्या दुकानात शिरा आणि तीन-चार दिवसांचं सामान घ्या. राईचा पाव, लोणी, अंडी, दही, नवे बटाटे, शेपू, टोमॅटो, कांदे. मसाले आणि डाळ घरून नेलेली बरी, खेड्यातल्या दुकानात मिळण्याची खात्री नाही. काडेपेटी, टॉर्च, पाण्याचे दोन कॅन आणि भांडी घासायचं साबण यांची यादी वेगळी करा, कारण नेमकं हेच विसरतं. कार्ड सगळीकडे चालतं. दुकानात पेयांच्या बाटल्या-डब्यांवर अनामत लागते: डब्याला 15 सेंट, मोठ्या प्लॅस्टिकच्या बाटलीला 40 सेंट. रिकाम्या टाकू नका, एका पिशवीत जमवा.

बाजाराच्या चौकात उन्हाळ्यात मुइक्कू मिळतात. हे बोटभर लांबीचे मासे राईच्या पिठात घोळवून लोण्यात तळतात आणि काट्यासकट खातात. आपल्या मांदेलीवर प्रेम असणाऱ्याला ओळख करून द्यावी लागत नाही. सावोन्लिन्नात लोर्त्सी नावाची अर्धगोल, चपटी तळलेली करंजी मिळते, आत सफरचंद किंवा मांस. शाकाहारी असाल तर आतलं सारण विचारून घ्या.

सौना पेटवायचा तो असा

देशाची लोकसंख्या छप्पन्न लाखांच्या आसपास आणि सौना तीसेक लाख. 2020 मध्ये युनेस्कोने फिनिश सौना संस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. तुमच्या म्योक्कीतला बहुधा लाकडावरचा असेल, आणि तो पेटवायचं काम तुमचंच.

भट्टीला जोडलेली पाण्याची टाकी असेल तर आग लावण्याआधी ती भरा. रिकामी टाकी तापवली तर मालकाचं नुकसान आणि तुमची अनामत गेली. मग धुराड्याची झडप उघडा. हे राहिलं तर पाच मिनिटांत खोली धुराने भरते. जळणाच्या ढिगात भूर्ज झाडाचे ओंडके असतात, त्यांची पांढरी साल पट्टी-पट्टीने सुटते. तीच पेटवायला घ्या, ओलसर असली तरी तेल असल्यासारखी धरते. खाली साल, वर बारीक चिरफळ्या, त्यावर दोन मध्यम लाकडं. दार किंचित किलकिलं ठेवा, आग धरली की बंद करा. दर वीस मिनिटांनी दोन लाकडं सारायची. तास-दीड तासात वरच्या बाकाजवळ 70-80 अंश होतात. नवख्यांना तेवढं पुष्कळ झालं.

ज्वाला ओसरून निखारे राहिले की आत जायचं. अंघोळ करून, छोटा टॉवेल बुडाखाली घेऊन. पाणी तापल्या दगडांवर टाकायचं, एका वेळी एक लहान पळी. वाफ आधी छताला जाते आणि मग खांद्यांवर उतरते. कान चटचटले तर खालच्या बाकावर या. मुलांना खालीच बसवा, आणि कंटाळली की जाऊ द्या. किती वेळ बसायचं याचा नियम नाही. जो घड्याळ लावून बसतो त्याला सौना कळलेला नाही. घरचीच माणसं असतील तर फिनिश लोक कपड्यांशिवाय बसतात. तुम्ही पोहण्याचे कपडे घाला, कुणी तपासायला येणार नाही.

मग धक्क्यावरून पाण्यात. सूर मारू नका. सायमाचं पाणी चहासारखं तपकिरी असतं आणि त्याखाली हिमनदीने आणून टाकलेले धोंडे दिसत नाहीत. शिडी धरून उतरा. दारू पिऊन पाण्यात किंवा होडीत जाऊ नका. उन्हाळ्यातले बरेच बुडण्याचे अपघात असेच होतात.

ऑगस्टच्या गरम, वारा नसलेल्या दिवसांत काठाशी हिरवट रंग सांडल्यासारखी साय दिसली तर ती निळं-हिरवं शेवाळ असू शकते, आणि ते विषारी असू शकतं. त्या दिवशी पोहायचं नाही, आणि ते पाणी सौनाच्या दगडांवरही टाकायचं नाही.

उरलेल्या दिवसांत काय करायचं

फारसं काही नाही. सकाळी होडी काढा, लाइफ जॅकेट घालूनच. मुलांच्या मापाची जॅकेटं आहेत का हे पहिल्या दिवशीच पाहून ठेवा. साध्या, दोरी गुंडाळायचं चाक नसलेल्या काठीने गळ टाकायला परवाना लागत नाही. चाकाची काठी आणि आमिष फेकून मासेमारी करायची असेल तर सरकारी शुल्क भरावं लागतं.

दुसऱ्याच्या जंगलातही तुम्हाला चालायची, बेरी आणि अळंबी वेचायची, एखादी रात्र तंबू ठोकायची मुभा आहे. फक्त कुणाच्या अंगणाजवळ जायचं नाही, पीक तुडवायचं नाही. उघड्यावर शेकोटी मात्र जमीनमालकाच्या परवानगीशिवाय नाही, आणि वणव्याचा इशारा असताना परवानगी असली तरी नाही. अळंबी पक्की ओळखीची नसतील तर राहू द्या, बेरींवर ताव मारा.

दोन सहली करा. एक पुन्काहार्युची: हिमयुगाने मागे ठेवलेली सुमारे सात किलोमीटरची चिंचोळी टेकडी, दोन्ही बाजूंना पाणी आणि वर उंच पाइनची झाडं. गाडीने दहा मिनिटांत संपते, चालत अर्धा दिवस घ्या. दुसरी लिन्नान्सारी राष्ट्रीय उद्यानाची. ओरावी या खेड्यातून बोट जाते. इथे अंगावर गोल कड्यांची नक्षी असलेला सायमाचा सील राहतो. हिमयुगानंतर जमीन उचलली गेली तेव्हा तो समुद्रापासून तुटून गोड्या पाण्यात अडकला, आणि जगात दुसरीकडे कुठेही नाही. एके काळी दोनशेपेक्षा कमी उरले होते, आता चारशेच्या वर आहेत. मे महिन्यात ते अंगावरची जुनी लव गाळायला खडकांवर पहुडतात, तेव्हा दिसण्याची शक्यता सर्वांत जास्त. ऑगस्टात दिसला तर नशीब. होडी वल्हवता येत असेल तर जवळच्या कोलोवेसी उद्यानात जा, तिथे जवळपास सगळीकडे मोटारबोटींना बंदी आहे.

ओलाविन्लिन्ना किल्ला पाऊस पडेल त्या दिवशी. पाऊस पडणारच, त्यासाठी वेगळा दिवस राखायची गरज नाही.

आणीबाणीसाठी क्रमांक 112. '112 सुओमी' हे अ‍ॅप फोनमध्ये घालून ठेवा, त्यावरून फोन केला तर तुमचं ठिकाण आपोआप कळतं. जंगलातल्या घराचा पत्ता फोनवर तोंडी सांगणं अवघड असतं, म्हणून तो कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा.

निघायच्या दिवशी

घर बहुधा दुपारी बाराच्या सुमारास सोडायचं असतं. आदल्या संध्याकाळीच फ्रिज रिकामा करायला घ्या. सकाळी भट्टीतली राख पूर्ण थंड झाल्यावरच धातूच्या बादलीत काढा. सौनाचे बाक ब्रशने घासा, होडी वर ओढून बांधा, वल्ही आत ठेवा, जळणाचा ढीग जिथून उचलला तिथे थोडी लाकडं फोडून ठेवलीत तर मालक खूश. कचरा वर्गवारी करून, गावातल्या ठरलेल्या डब्यांत. जमवलेल्या बाटल्यांची पिशवी दुकानातल्या यंत्रात रिकामी करा आणि आलेल्या पावतीचे पैसे वाटेतल्या कॉफीला लावा.